नाटक पडलं असं मी लिहिलं

वरच्या मजल्यावर ओर्ला राहायला आली आणि सामान लावायच्या आधीच खाली येऊन तिनं आईकडे चहात घालायला दूध मागितलं. आईनं तिला त्याच दिवशी आपल्यात जमा केलं. इथली डच माणसं काचेच्या पेल्यात गरम पाणी घेतात, त्यात चहाची पुडी जेमतेम ओली करतात आणि त्याला चहा म्हणतात, याचा आईला मनापासून राग होता. ही आयरिश बाई काळाकुट्ट चहा उकळून त्यात भरपूर दूध घालत होती, म्हणजे माणूस सरळ होता. डेल्फ्टच्या त्या जुन्या घराचं पुढचं दार आमचं आणि तिचं एकच. आत आलं की डाव्या हाताला आम्ही, आणि समोर शिडीसारखा उभा जिना, तो तिचा. जिन्याखाली पाच सायकली एकमेकींत शिंगं अडकवून उभ्या असायच्या. सकाळी शाळेला निघताना माझी सायकल बाहेर काढायची तर आधी बाबांची, मग माझ्या भावाची, चिनूची, मग ओर्लाची, असं सगळं घर रस्त्यावर मांडावं लागायचं. तेवढ्यात चौकातल्या चर्चच्या घंटा कुठलीतरी चाल वाजवायला लागायच्या आणि आमच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी. शेजारचे म्हातारे आजोबा एकदा घाबरून विचारायला आले होते, आगीची घंटा आहे का म्हणून. आईनं त्यांना वरणभात खायला घातला. त्यानंतर ते शिट्टीची वाट बघायला लागले.

मी पाचवीत असताना आम्ही पुण्याहून इथे आलो. बाबांची नोकरी रॉटरडॅमला, कॉम्प्युटरमधली. आई पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासायची, शाळांची पुस्तकं, कथासंग्रह, लग्नाच्या पत्रिकासुद्धा. इथे आल्यावर तिच्या व्हिसावर ‘अवलंबित’ अशा अर्थाचा शब्द होता आणि तो तिनं कुठल्याही भाषेत कधी तोंडानं उच्चारला नाही. ती चकलीची भाजणी पुण्याहून मागवायची, कोथिंबीर आणि भेंडी सुरिनामहून आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या दुकानातून आणायची, रविवारी कॉलिंग कार्ड खरवडून आजीला फोन करायची, आणि उरलेला सगळा वेळ एका गोष्टीत घालायची. ती गोष्ट म्हणजे मंडळाचा दिवाळी अंक. आमच्या भागातल्या मराठी लोकांचं एक मंडळ होतं; गणपती, दिवाळी, संक्रांत आणि एक सहल, असा त्याचा वर्षाचा कारभार. दिवाळीला अंक निघायचा. आई त्याची संपादक, टंकलेखक, मुद्रितशोधक आणि स्टेपल मारणारी. जेवणाच्या टेबलावर एक अवजड मॉनिटर ठेवलेला असायचा आणि आई दोन बोटांनी लोकांचे लेख टाइप करत बसायची. लोक लेख पाठवायचे रोमन लिपीत, ईमेलनं; आई ते वाचून पुन्हा मराठीत उतरवायची. आम्ही टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यात जेवायचो.

ओर्लाचं टेबलही असंच होतं हे मला तिच्याकडे वर गेल्यावर कळलं. ती दिवसा एका कचेरीत इंग्रजी कागदपत्रं सरळ करायची आणि बाकी वेळ आयर्लंडमधल्या एका आयरिश भाषेतल्या वाङ्मयीन मासिकाचं पुस्तक-परीक्षणांचं सदर सांभाळायची. पुस्तकांची पुडकी पोस्टानं यायची. पोस्टमन ती आमच्याकडेच टाकायचा, आणि मी ती वर नेऊन द्यायचे. मासिक पातळसं, पण नीटनेटकं, कव्हरवर एखादं चित्र. मी ते उघडून बघायचे. अक्षरं ओळखीची, शब्द एकही नाही. ओर्ला मला मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मी पानावर बोट ठेवून शोधायचे की हे जे ती म्हणतेय ते कुठे लिहिलंय. ती म्हणाली, पूर्वी या भाषेला वेगळं वळणदार अक्षर होतं, आणि ते ठेवायचं की टाकायचं यावर मासिकवाले वर्षानुवर्षं एकमेकांच्या उरावर बसले होते. मला गंमत वाटली. आमच्याकडे लोक ईमेलमध्ये ‘kase ahat’ लिहून मोकळे होत होते आणि कोणी कोणाच्या उरावर बसत नव्हतं.

मी तेव्हा सतरा वर्षांची, शाळेत डच, मैत्रिणींशी डच, गाणी इंग्रजी, आणि घरी मराठी. मुळातच तोंडाळ. ओर्लाशी इंग्रजीत बोलायचे. एकदा तिला विचारलं की जे लोक सगळे इंग्रजी वाचू शकतात त्यांच्यासाठी आयरिशमध्ये मासिक काढायचंच कशाला. ती चिडली नाही. तिच्या घरी कोणी आयरिश बोलत नव्हतं. ती शाळेत शिकली, मग उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या एका खेड्यात राहून शिकली. ती म्हणाली, शंभर वर्षांपूर्वी बोलणारी माणसं खेड्यांत होती, गरीब होती, आणि त्यांच्या भाषेत गोष्टी सांगितल्या जायच्या पण लिहिल्या जात नव्हत्या. साधी आजच्या माणसाची कथा कशी लिहायची, तिची सुरुवात कशी करायची, हे मासिकांत ठरलं. पहिल्यांदा कोणीतरी तशी कथा लिहिली तर बाकीच्यांनी त्याला शिव्या घातल्या, की ही काय कथा आहे, आमच्याकडे अशी सांगत नाहीत. मग त्यानं उलट उत्तर छापलं. ‘ते भांडले म्हणून मला आज वाचायला काहीतरी आहे,’ ती म्हणाली.

त्या उन्हाळ्यात तिच्यावरच पाळी आली. एका म्हाताऱ्या, फार मान असलेल्या लेखकाची कादंबरी आली आणि ओर्लानं लिहिलं की ती वाईट आहे. का वाईट आहे ते तीन पानं लिहिलं. झालं. आयर्लंडहून पत्रांवर पत्रं. काहींनी वर्गणी बंद केली. एकानं लिहिलं, बिचारा या वयात आपल्या भाषेत लिहितोय, तुला लाज नाही वाटत? ओर्लानं संपादकाला सांगितलं, सगळी पत्रं छापा, एकही गाळू नका. मी पत्रं बघत होते तेव्हा ती खिडकीत उभी राहून सिगारेट ओढत होती. तिनं मला सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही. ‘आमच्याकडे कोणी आयरिशमध्ये चार वाक्यं बोललं की सगळे टाळ्या वाजवतात. मग सगळे इंग्रजीत बोलायला लागतात. आजारी माणसानं दोन घास खाल्ले की घरचे कसे खूश होतात, तसं. मी त्या म्हाताऱ्याला आजारी माणसासारखं वागवणार नाही. त्यानं वाईट लिहिलंय.’

मी हे खाली येऊन आईला सांगितलं. ओर्ला त्या संध्याकाळी आमच्याकडे थालीपीठ खायला आली होती. आई म्हणाली, तिला सांग, तुमची भाषा संकटात आहे म्हणून तुमची ही घाई. आमची कोट्यवधी लोक बोलतात, आम्हाला कशाला भांडायला पाहिजे? मी सांगितलं. ओर्लानं लोणी लावलेला तुकडा तोंडात घातला, नीट चावला आणि विचारलं, ‘आणि इथे, या घरात?’ आईनं चिनूला हाक मारली, ‘चिनू, अजून घेणार का रे?’ आतून टीव्हीसमोरून आमच्या चिनूनं डचमध्ये उत्तर दिलं की नको, पोट भरलं. आईनं ओर्लाच्या ताटात आणखी एक थालीपीठ टाकलं.

आता आमच्या मंडळाबद्दल. मी आज इतक्या वर्षांनी, चष्मा लावून, हे लिहितेय तरी ते वाक्य आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. वाक्य असं: ‘परदेशात राहूनसुद्धा!’ परदेशात राहूनसुद्धा किती छान मोदक केलेत. परदेशात राहूनसुद्धा मुलगी नऊवारी नेसली. परदेशात राहूनसुद्धा चिमुरड्यानं अथर्वशीर्ष म्हटलं, अर्धं चुकीचं, पण म्हटलं. कोणीही काहीही करो, बेसूर गाओ, विसरो, अडखळो, सगळे उभे राहून टाळ्या वाजवायचे आणि मग जेवणाच्या रांगेत घरांच्या किमतींबद्दल इंग्रजीत बोलायचे. मी भाषणात दुसऱ्या मिनिटाला गडबडले तरी बक्षीस, नाही गडबडले तरी बक्षीस. एकदा मी मुद्दाम, कंटाळून, निबंधात तेच वाक्य पुन्हापुन्हा लिहिलं. बक्षीस. माझ्याशी इतकं गोड वागायचे सगळे की मी काय म्हणतेय हे कोणालाच ऐकू येत नव्हतं.

त्या वर्षीच्या गणपतीत वझे काकांचं नाटक होतं. वझे काका मंडळाचे सचिव, कापेल आन डेन आयसेल या गावी राहायचे, आणि आम्ही नवीन आलो तेव्हा महापालिकेत नाव नोंदवायला बाबांबरोबर तेच गेले होते, घर शोधायलाही तेच. चांगला माणूस. स्वतः लिहिलेलं, स्वतः बसवलेलं तीन अंकी नाटक, नायकही तेच. मंडळाचे कार्यक्रम कापेलच्या ज्या सभागृहात व्हायचे तिथे पडदा नव्हता, म्हणून दोन काकू बेडशीट धरून उभ्या राहायच्या आणि अंक संपला की एकमेकींकडे चालत यायच्या. गोष्ट अशी की एक इंजिनिअर इथे राहतो, त्याची आई पुण्यात आजारी पडते, आणि तो परत जायचं की नाही यावर तीन अंक येरझारा घालतो. त्याची बायको पण आहे नाटकात. तिचं काम एवढंच, की आत येते, ‘चहा ठेवू?’ म्हणते, आणि जाते. काका दुसऱ्या अंकात संवाद विसरले आणि विंगेतून सांगणाऱ्याचा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा येत होता. शेवटी ते आईच्या फोटोपुढे कोसळले. सभागृह उभं राहिलं. पाच मिनिटं टाळ्या. माझ्या शेजारी आई बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती, पण मी तिच्याकडे बघितलं तर ती रंगमंचाकडे बघतच नव्हती.

मी घरी आले आणि लिहायला बसले. मला भीती अजिबात वाटत नव्हती, राग येत होता, आणि लिहायला राग बरा पडतो. नाटक पडलं, असं पहिलं वाक्य. का पडलं, ते पुढे. नायक प्रत्येक प्रवेशात तेच रडतो. परत जायचं की नाही हा प्रश्न त्याला पहिल्या अंकात जेवढा पडतो तेवढाच तिसऱ्यात, मध्ये काहीच घडत नाही. आणि मग बायको. मी लिहिलं की या सभागृहात ज्या बायका बसल्या होत्या त्यांनी नोकऱ्या सोडल्यात, नवीन भाषा शिकल्यात, बर्फात पोरं सायकलवर शाळेत पोचवलीत. लेखक वर्षानुवर्षं त्यांच्या हातचं जेवतो, आणि त्याला त्यांच्यातली एकही दिसलेली नाही. त्याला फक्त चहा दिसलाय. मग शेवटी लिहिलं की प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या त्या नाटकाला नाही, स्वतःला वाजवल्या.

आईनं ते टेबलाशी उभं राहून वाचलं. गॅसवर आमटी होती. ती उतू जायला लागली तेव्हा मीच उठून बंद केली. आई सवयीनं हातात पेन्सिल घेऊन वाचत होती, पण पेन्सिल कागदाला लागली नाही. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, ‘हे अंकासाठी आहे?’ मी म्हटलं, हो. ‘तुझं पूर्ण नाव घालायचं?’ मी म्हटलं, पूर्ण. ती म्हणाली, ‘बरं.’ आणि आमटीत मीठ आहे का बघायला लागली. बाबांनी वाचलं तेव्हा मात्र घरात भडका उडाला. आपल्याला घर कोणी शोधून दिलं? तुझ्या ॲडमिशनला कोण धावलं? अख्खं मंडळ काय म्हणेल? मी म्हटलं, बाबा, त्यांनी घर छान शोधलं, नाटक वाईट लिहिलं. बाबा आईला म्हणाले, तू तिला काही सांगणार आहेस की नाही. आई म्हणाली, ‘अंक माझा आहे. बघते मी.’

अंक छापायला जायच्या आधी सचिवानं तो बघायचा अशी पद्धत होती. एका रविवारी दुपारी वझे काका त्यासाठी आले. आईनं कांदेपोहे केले होते. काका सोफ्यावर बसून पानं उलटायला लागले. मी मुद्दाम समोरच्या खुर्चीत बसले. मी मान खाली घालणार नव्हते. त्यांनी माझं पान काढलं. वाचलं. नजर पुन्हा पानाच्या वर नेली, पुन्हा वाचलं. आणि त्यांचा चेहरा फुलला. ‘वहिनी, काय लिहिलंय हो मनूबाळानं! काय शब्द, काय वाक्यं! परदेशात राहूनसुद्धा पोरीचं मराठी बघा. आमच्या घरात आहे का कोणी असं?’ त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि मला टाळी द्यायला हात पुढे केला. ‘हे आपण बालविभागात पहिलं घेऊ. फोटो घालू मनूचा. आणि दिवाळीच्या कार्यक्रमात ती वाचून दाखवेल, काय?’

बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला तो ऐकू आला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांचं नाटक पडलं असं लिहिलं होतं आणि हे मला बक्षीस देत होते. त्यांनी शब्द बघितले होते. शब्दांत काय म्हटलंय ते वाचायची त्यांना गरजच वाटली नव्हती. कुत्र्यानं मागच्या पायांवर उभं राहून दाखवलं की तो कुठे निघालाय हे कोणी विचारत नाही, तसं. मी म्हटलं, ‘काका, तुम्ही वाचलंत का?’ ते म्हणाले, ‘वाचलं ना बाळ, म्हणूनच तर.’ मी त्यांच्या हातून पानं घेतली आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, सावकाश, एक वाक्य वाचायचं आणि थांबून त्यांच्याकडे बघायचं. नाटक पडलं. ते हसत होते. नायक प्रत्येक प्रवेशात तेच रडतो. ते हसत होते, पण जरा कमी. बाबा म्हणाले, ‘मनू, पुरे.’ मी थांबले नाही. लेखकाला या बायकांतली एकही दिसलेली नाही, इथपर्यंत आले तेव्हा काकांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, पण त्यांचे कान लाल झाले होते. शेवटचं वाक्य वाचलं आणि पानं टेबलावर ठेवली.

काकांनी पानं उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाले, ‘तुला नाटकातलं काय कळतं गं?’ आवाज वेगळाच होता. मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. ‘सहा महिने बसवलंय आम्ही ते. ऑफिस करून. कापेलहून, आल्मेरेहून लोक तालमीला येत होते. तुला काय कळतं? तुझं वय काय?’ मला रडू येत होतं, त्यांच्यासाठीही येत होतं, पण मी रडले नाही. मी म्हटलं, ‘वय सतरा. तुम्ही उत्तर लिहा.’ बाबांनी मला माफी मागायला सांगितली. मी म्हटलं, चुकीचं काय लिहिलंय ते दाखवा, मागते. काका उठले, कोट घातला. दारात थांबून आईला म्हणाले, ‘वहिनी, हे असं काही छापायचं नाही. बालविभागात कौतुक म्हणून ठीक होतं. नाहीतर मग पुढच्या वर्षी अंकाचं कोणी दुसरं बघेल.’

त्या अंकाखेरीज आईजवळ इथे स्वतःचं असं काही नव्हतं, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनाही. आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. ती म्हणाली, ‘बालविभागात हे जाणार नाही. ते मोठ्या माणसानं लिहिलंय. तुम्ही अंकासाठी दिलेला नाटकावरचा लेख आहे ना, त्याच्या पुढच्या पानावर जाईल. आणि तुम्ही उत्तर दिलंत तर त्याच्या पुढच्या पानावर तुमचं उत्तर, एक अक्षर न गाळता. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघा.’ काका गेले. पोहे तसेच राहिले. बाबा दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. मी वर जाऊन ओर्लाला सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘तो खरंच रागावला?’ मी म्हटलं, भयंकर. ती उठली आणि तिनं मला चहा करून दिला. शाबासकी दिली नाही. पुढच्या आयुष्यात माझ्या लिहिण्याला बरीच शाबासकी मिळाली, पण त्या चहाची सर तिला आली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

काकांचं उत्तर आलं. अंक छापायला टाकायच्या आदल्या दिवशी, हातानं लिहिलेली पाच पानं, ईमेल नाही, रोमन लिपी नाही. आईनं ती टाइप करताना मी शेजारी बसून वाचली. त्यात मनूबाळ कुठेच नव्हती. ‘परीक्षणकर्तीचा असा समज दिसतो की’, असं होतं. माझा प्रत्येक मुद्दा घेऊन त्याला उत्तर दिलं होतं, काही ठिकाणी चांगलंच दिलं होतं. नायक तेच तेच रडतो, कारण परदेशातला माणूस तेच तेच रडतो, असं त्यांचं म्हणणं. एका ठिकाणी मला लिहिलं होतं की परीक्षणकर्तीला राग शिकवायची गरज नाही, दया शिकण्याची आहे. ते मला झोंबलं. दिवसभर झोंबलं. आणि तरी मी दुसऱ्या दिवशी शाळेला सायकलवरून गेले ती जवळजवळ गात गेले, कारण सहा वर्षांत पहिल्यांदा मराठीत कोणीतरी माझ्याशी भांडलं होतं.

दिवाळीचा कार्यक्रम त्याच सभागृहात, दुपारचा. अंक दारातच वाटले होते. एरवी लोक अंक घ्यायचे, राशिभविष्य बघायचे आणि पिशवीत टाकायचे. त्या दिवशी फराळाच्या टेबलापाशी एक काकू ताट हातात घेऊन उभ्या उभ्या वाचत होत्या आणि त्यांचा नवरा चकली खायचा थांबून त्यांच्या खांद्यावरून वाचत होता. बऱ्याच जणांनी माझ्याशी बोलायचं टाळलं. एक काकू तोंडावर म्हणाल्या, फार शिंगं फुटलीत तुला. डेल्फ्टला शिकणारा एक मुलगा म्हणाला, दुसऱ्या अंकाबद्दल तू लिहिलंस ते बरोबर आहे पण तिसऱ्याबद्दल नाही. त्याला लगेच कोणीतरी म्हणालं, तू तेव्हा बाहेर फोनवर होतास, तुला काय माहीत. मग दोघं वाद घालायला लागले. मराठीत. माझं कोणीही, एकानंही, कौतुक केलं नाही.

वझे काका समोरून आले ते सरळ माझ्याकडेच. मधल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. त्यांनी हातात अंक गुंडाळून धरला होता. ‘बायकोचं जे लिहिलंस ना, ते साफ चूक आहे,’ ते म्हणाले. ‘ती गप्प बसते, ते मी मुद्दाम लिहिलंय. तिला काही बोलायचंच नसतं. तिचं नवऱ्यावर सोपवलेलं असतं सगळं.’ मी म्हटलं, ‘मुळीच नाही, काका. तिला बोलायचं असतं. तुम्ही तिला वाक्यच दिलं नाहीत.’ ते म्हणाले, ‘कसलं वाक्य? सांग ना. नवरा परत जायचं म्हणतोय, सासू आजारी आहे. काय बोलली असती ती?’ मी तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. मला खरंच माहीत नव्हतं. मी सतरा वर्षांची होते. सगळे माझ्याकडे बघत होते आणि काकांनी अंक गुंडाळून धरलेला हात कमरेवर ठेवला होता.

‘मी सांगते, भावजी,’ आई मागून म्हणाली, आणि तिनं त्यांच्यासमोर खुर्ची ओढली. ‘तुम्ही पण बसा. जरा वेळ लागेल.’